सोलापूर–पुणे रस्त्यावर काटा कितीवर ठेवायचा? नव्या गाडीवाल्यांसाठी

सोलापुरात नवी गाडी आली की आधी सिद्धेश्वराच्या देवळात पूजा होते आणि पहिली लांबची फेरी बहुतेक पुण्याची ठरते. पोरगं तिकडं नोकरीला असतं, नाहीतर लेक शिकायला. परत आल्यावर शेजारपाजारचे दोनच गोष्टी विचारतात: किती तासांत पोचलात, आणि ॲव्हरेज किती दिलं? दोन्ही उत्तरं एकाच वेळी झकास देता येत नाहीत. एकात मिरवायचं असेल तर दुसऱ्यात पैसे मोजावे लागतात. किती मोजावे लागतात आणि ते कुठं मोजण्यासारखे आहेत, ते इथं सांगतो. लायसन्स नवं आहे, शहरात हात बसलाय, पण चौपदरी रस्त्यावर अजून फारसे गेला नाहीत, अशांसाठी हे आहे.

आधी मोजायला शिका

गाडीच्या स्क्रीनवर दिसणारं ॲव्हरेज साधारण अंदाजाला ठीक असतं, पण बऱ्याच गाड्यांत ते थोडं चढवूनच दिसतं. खरा आकडा टाकीतून काढायचा. निघण्याआधी पुणे नाक्याकडच्या तुमच्या नेहमीच्या पंपावर टाकी फुल्ल करा. नोझल स्वतःहून 'टक्' करून बंद पडलं की थांबायचं. पोरगा आणखी दोन-तीनदा दाबून राउंड फिगर करू लागला तर नको म्हणा. मग ट्रिप मीटर शून्यावर आणा. जाऊन आलात की त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या 'टक्'पर्यंत भरा. ट्रिप मीटरचे किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. पावतीच्या मागंच लिहून ठेवा आणि शेजारी वेगही लिहा: 'बहुतेक ९०, एसी चालू, चौघं'. या चार शब्दांशिवाय नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा आणि तुमचा आकडा जुळणार नाही, आणि त्यात कुणी फसवलेलं असतं असंही नाही. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून काढतात. त्या चाचणीत गाडीचा वेग ९० च्या वर जातच नाही. तुम्ही ११० ने मोडनिंब ओलांडणार आणि वर जाहिरातीतलं ॲव्हरेज मागणार, ते कुठून येणार?

वेग वाढला की पेट्रोल कुठं जातं

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मागं ओढतात. एक टायरचं घर्षण, दुसरी हवा. टायरचं ओढणं ८० ला असो की १२० ला, जवळपास तेवढंच राहतं. हवेचं तसं नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणजे ८० वरून १०० वर गेलात तर वेग वाढला २५ टक्के, हवेचा अडथळा मात्र वाढला ५६ टक्के. १२० वर गेलात तर तो ८० च्या सव्वादोनपट.

साधारण ११०० किलोच्या छोट्या हॅचबॅकचा ढोबळ हिशेब करून बघू. टायर सतत सुमारे १२ किलोच्या जोराने मागं ओढतात असं धरा. हवा ८० ला साधारण १९ किलोच्या जोराने ढकलते, १०० ला ३० आणि १२० ला ४३ किलोच्या. म्हणजे एकूण अडथळा ३१, ४२ आणि ५५. इंजिनाला प्रत्येक किलोमीटरला एवढं ढकलावं लागतं. पेट्रोल अगदी याच प्रमाणात वाढत नाही, कारण जरा जास्त ओझ्यावर इंजिन थोडं बरं काम करतं. तरीही ८० ला २२ चं ॲव्हरेज देणारी गाडी ९० ला २० च्या आसपास, १०० ला १८ आणि १२० ला १४-१५ वर येते. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, उतरंड अशीच असेल. उंच, चौकोनी एसयूव्हीत ती आणखी तीव्र असते, कारण हवेला अडवणारं तोंडच मोठं.

शहरात मात्र ४० ने जाऊन ॲव्हरेज का मिळत नाही? तिथं हवेचा अडथळा नगण्य असतो, पण खालचे गिअर, सिग्नल, सारखं थांबणं आणि पुन्हा उचलणं यातच पेट्रोल जातं. टॉप गिअरमध्ये इंजिन कुरकुर न करता, ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवून गाडी चालते तो वेग सगळ्यांत काटकसरीचा. बहुतेक गाड्यांत तो ६० ते ८० च्या दरम्यान येतो.

मग वेळेचं काय?

पुणे साधारण २५० किलोमीटर. त्यातले दोन टोकांचे ५० किलोमीटर गर्दीचे म्हणून सोडून द्या. तिथं तुमची इच्छा चालत नाही, रिक्षावाल्याची चालते. उरले मोकळे २०० किलोमीटर.

८० ने ते अडीच तासांत होतात, ९० ने २ तास १३ मिनिटांत, १०० ने बरोबर २ तासांत, १२० ने १ तास ४० मिनिटांत. आता वरचं ॲव्हरेज लावा. ८० ला साधारण ९ लिटर लागतात, ९० ला १०, १०० ला ११ आणि १२० ला पावणेचौदा. म्हणजे ८० चे ९० केलेत तर एक लिटरात १७ मिनिटं वाचतात. ९० चे १०० केलेत तर पुढच्या लिटरात फक्त १३. आणि १०० वरून १२० वर गेलात तर २० मिनिटांसाठी जवळपास पावणेतीन लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेल्यावर ही २० मिनिटं फार महाग पडतात, आणि बऱ्याचदा ती हडपसरच्या अलीकडंच ट्रॅफिकमध्ये विरघळून जातात.

१२० चा प्रश्न कायद्यानंही निकालात निघतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चालक सोडून आठपर्यंत प्रवाशांच्या गाडीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल वेग १००, आणि १२० फक्त प्रवेश-नियंत्रित एक्सप्रेसवेवर. राज्याला याहून कमी मर्यादा लावता येते, त्यामुळं रस्त्याकडेच्या पाटीवर जो आकडा असेल तोच खरा. गावाजवळ तो आणखी खाली येतो. वेगमर्यादा मोडल्याचा दंड हलक्या गाडीला १००० ते २००० रुपये, म्हणजे एका चलनात पुण्याचं पेट्रोल गेलं.

माझं मत विचाराल तर दिवसा, कोरड्या रस्त्यावर, पाटी परवानगी देत असेल तिथं ९०. ८० ला पेट्रोल थोडं वाचतं खरं, पण मालट्रक ६०-७० ने चाललेले असतात. तुम्ही त्यांना ओव्हरटेक करत असताना मागून येणारा हॉर्न वाजवत अंगावर येतो. नवखा माणूस त्या दडपणात ॲक्सिलरेटर दाबतो आणि वाचवलेलं घालवतो. ९० ला ओव्हरटेक वेळेत होतं आणि नंतर डाव्या लेनमध्ये परत येता येतं. स्पीडोमीटरचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, तेव्हा काट्यावर ९० म्हणजे रस्त्यावर दोन-चार कमीच.

निघण्याआधीची तयारी

हवा सकाळी, टायर गार असताना भरायची. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर लिहिलेलं असतं. चौघं आणि सामान असेल तर त्याचा वेगळा आकडा असतो, तो घ्या. पंक्चरवाल्याला 'टाक तीस-पस्तीस' असं सांगू नका. हवा चार-पाच पीएसआय कमी असेल तर पेट्रोलचं नुकसान जेमतेम टक्काभर. खरा धोका टायरला आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या पुढं जातो, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं, आणि कमी हवेचा टायर बाजूने सारखा दबून आतून गरम होत राहतो. टायर फुटतात ते असे. 'उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा' हा सल्ला आपल्याकडं सर्रास मिळतो. तो ऐकू नका. वाटेत थांबल्यावर गरम टायरची हवा जास्त दिसली म्हणून सोडूनही देऊ नका, ती तशीच दिसायची. स्टेपनीची हवा बघायला मात्र विसरू नका.

आता टपावरचं कॅरियर. पुण्याच्या लेकराला मंगळवेढ्याची ज्वारी, शेंगाची चटणी, कडक भाकरी, वरून दोन चादरी पोचवायच्या असतात हे मान्य. पण पोतं टपावर बांधू नका. ५० किलोचं पोतं डिकीत टाकलं तर ॲव्हरेजवर साधारण टक्काभर फरक पडतो. तेच सामान टपावर चौकोनी गाठोडं करून बांधलं तर हायवेच्या वेगाला १० ते २५ टक्के इंधन जास्त जाऊ शकतं. रिकामं कॅरियरसुद्धा हवा अडवतंच, लागत नसेल तर काढून ठेवा.

सर्व्हिसिंग वेळेवर, ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. पंपावर मिळणाऱ्या ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्या-पुड्यांवर पैसे घालवू नका.

रस्त्याला लागल्यावर

बाळे, केगाव मागं पडेपर्यंत घाई नको. पहिली काही मिनिटं इंजिन गार असतं, तेव्हा ते पेट्रोल जास्तच पितं. जागेवर उभं करून रेस करत तापवण्याची गरज नाही, हळू चालवत न्या.

रस्ता मोकळा झाला की गाडी बऱ्यापैकी दमाने ९० ला न्या, पाचवा टाका आणि पाय स्थिर ठेवा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) असेल आणि गर्दी विरळ असेल तर लावा. ९० हा आकडा तेवढा महत्त्वाचा नाही, तो टिकवणं महत्त्वाचं. ७० ते ११० मध्ये सारखा वर-खाली होणारा माणूस सरासरी ९० नेच जातो, पण पेट्रोल बऱ्यापैकी जास्त जाळतो, आणि बहुतेक त्याला पत्ताही नसतो.

त्याचं कारण ब्रेक. ९० ने जाणारी गाडी पूर्ण थांबवून पुन्हा ९० ला न्यायला छोट्या गाडीत सुमारे ४०-५० मिली पेट्रोल लागतं. म्हणजे चहाचा अर्धा कप. असे वीस ब्रेक मारलेत की लिटरभर गेलं, आणि त्यात एक किलोमीटरही जास्त कापला गेला नाही. म्हणून नजर बोनेटवर नको, लांब ठेवा. पुढच्या ट्रकच्याही पुढचा ट्रक काय करतोय ते बघा. त्याचे लाल दिवे लागले की तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला पाहिजे.

सावळेश्वरचा टोलनाका हा सरावाला चांगला, मोहोळच्या अलीकडंच येतो. टोलची पाटी दिसली की आरसा बघा, मागं कुणी चिकटलेला नसेल तर साधारण अर्धा किलोमीटर आधी पाय उचला आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. आजच्या इंजेक्शनच्या (संगणकाने मोजून पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. त्या अर्ध्या किलोमीटरला पेट्रोल जवळपास शून्य. वरवडे आणि सरडेवाडीच्या नाक्यांवर हेच करा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरूनच बघून निघा, नाहीतर नाक्यावर बाजूला उभं राहून इंजिन चालू ठेवण्यात वेळही जातो आणि पेट्रोलही.

इथं एक जुना समज मोडून काढायला हवा. 'उतारावर न्यूट्रल मारायचा, ॲव्हरेज वाढतं.' इंजेक्शनच्या आधीच्या, कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य असेल. आता न्यूट्रलला इंजिन आयडलिंगसाठी पेट्रोल घेत राहतं, गिअरला घेत नाही. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक हातातून जातो. गाडी बंद करून उतार उतरणारेही भेटतात. तसं केलं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर काम करेनासा होतो, आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड होतात. असल्या बचतीपायी हाडं मोडून घेऊ नका.

ट्रकच्या मागं चिकटून हवा वाचवण्याचा प्रकारही तसाच. हवा वाचते हे खरं, पण ज्या अंतरावर ती वाचते त्या अंतरात गाडी थांबत नाही. ८० ला ब्रेक मारायचं ठरवल्यापासून थांबेपर्यंत साधारण ६८ मीटर लागतात, १०० ला ९७. पुढचं वाहन एखाद्या झाडाजवळून गेलं की तीन सेकंद मोजा. त्याच्या आत तुम्ही त्या झाडाशी पोचलात तर जवळ आहात.

एसीवरून घरात भांडणं करू नका. हायवेला काचा उघड्या ठेवल्या की हवा आत भरून गाडीला मागं ओढते. एसी मात्र वेग कितीही असो, तासाला जवळपास सारखंच इंधन खातो, त्यामुळं वेगात असताना किलोमीटरमागं त्याचा वाटा कमी पडतो. उन्हात उभी गाडी आधी दारं उघडून दोन मिनिटं मोकळी करा, काचा उघड्या ठेवून थोडं चालवा आणि मग एसी लावा.

ऊस आणि रात्र

गळीत हंगाम सुरू झाला की साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत हा रस्ता वेगळाच होतो. टेंभुर्णी, इंदापूर पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर २० च्या वेगाने चाललेले असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. कधी उजव्या लेनमध्ये, कधी दुभाजकातून वळताना आडवे. लो बीमचा उजेड जेमतेम ५०-६० मीटर पडतो, आणि ८० ला थांबायला ६८ मीटर लागतात हे वर आलंच. म्हणून हंगामात रात्री ७० च्या वर जायचं नाही. ॲव्हरेजही उत्तम मिळतं, पण त्यासाठी नाही.

वेळ निवडणं हातात असेल तर पहाटे निघा. गारवा, मोकळा रस्ता, टायर थंड, एसी कमी. भिगवणला उजनीच्या फुगवट्याकडं उजाडतं, हिवाळ्यात असाल तर पक्षी बघायला दहा मिनिटं थांबा. इंजिन मात्र बंद करा. उभ्या छोट्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर सहज खातं.

आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवतवरून पुढं जाते. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. आधी चौकशी करून निघा, आणि वारीत अडकलात तर ॲव्हरेज विसरून जा.

ॲव्हरेज पडलं तर लगेच गॅरेज गाठू नका

एक तर पेट्रोलमध्येच बदल झालाय. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, त्यामुळं निव्वळ पेट्रोलच्या मानाने या मिश्रणात साधारण ६-७ टक्के कमी. २० देणारी गाडी १९ च्या खाली आली तर तेवढं त्याचंच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचा ऊसही त्या टाकीत आहे, त्यामुळं तक्रार कुणाकडं करायची हा प्रश्नच आहे. सीएनजी गाडीचा हिशेब किलोवर करा, लिटरशी तुलना नको. इलेक्ट्रिक गाडीत तर वेगाचा फटका आणखी ठळक दिसतो: शहरात मिळणारी रेंज १०० च्या वेगाला मिळत नाही, तेव्हा चार्जिंग शहरातल्या आकड्यावर नाही, हायवेच्या आकड्यावर आखा.

दुसरं, 'पुणे चढावर आहे म्हणून जाताना ॲव्हरेज पडतं' असं सगळेच म्हणतात. पुणे सोलापूरपेक्षा साधारण १०० मीटर उंच आहे हे खरं. पण हजार-अकराशे किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला लागतं किती? सव्वाशे मिलीच्या आसपास. अख्ख्या फेरीत तेवढंच, आणि येताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. खरा चोर वारा आहे. जून ते ऑगस्ट पश्चिमेकडून वारं जोरात असतं आणि पुण्याकडं जाताना ते समोरून येतं. २० किलोमीटरच्या वाऱ्यात तुम्ही ९० ने चाललात तर गाडीला हवा ११० ची लागते, आणि अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो हे वर आलंच आहे. येताना तेच वारं पाठीशी.

म्हणून पावसाळ्यात जाताना काटा ८० वर आणा, येताना ९० चालेल. ओल्या रस्त्यावर दोन्हीकडं आणखी दहा कमी. आणि हिशेब जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा ठेवायचा असेल तर पुण्यात पोचल्यावरही एकदा टाकी फुल्ल करून घ्या, पहिल्या 'टक्'पर्यंतच.